बंद पडलेली चार्टर विमान कंपनी विमानतळाच्या गेमसाठी सुचवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विमानतळ उभारून चालवण्याच्या सिम्युलेशन गेममध्ये नवी विमान कंपनी घ्यावी, अशी सूचना खेळाडूंना करता येते. नागपुरात हे गेम मन लावून खेळणारे आम्ही काही जण आहोत आणि गेली काही वर्षे अशा सूचना एकमेकांना वाचायला देऊन, सुधारून मगच पाठवतो. जुन्या, आता बंद पडलेल्या चार्टर कंपन्यांविषयी आमच्याकडे सतत विचारणा होते. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत.

चार्टर कंपनी म्हणजे नेमकी कोणती?

नियमित कंपनी वेळापत्रक जाहीर करते आणि एकेक तिकीट विकते. विमानात दहाच प्रवासी असले तरी ते ठरल्या वेळी निघते. चार्टर कंपनी संपूर्ण विमान, किंवा त्यातील मोठा हिस्सा, एखाद्या गिऱ्हाईकाला भाड्याने देते. हे गिऱ्हाईक पर्यटन कंपनी असेल, सरकार असेल, टपाल खाते असेल किंवा एखादा क्रिकेट संघही असेल. भारतात आज अशा कंपन्यांना नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून अनियमित परिचालनाचा परवाना घ्यावा लागतो.

नागपूरकरांना याची उदाहरणे शोधायला लांब जावे लागत नाही. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत सोनेगाव विमानतळाच्या ॲप्रनवर, म्हणजे विमाने उभी करण्याच्या मोकळ्या जागेत, छोट्या जेट विमानांची दाटी होते, जामठ्याच्या मैदानावर क्रिकेट सामना असला की संघांची विमाने उतरतात आणि हज यात्रेच्या काळात येथून यात्रेकरूंची खास उड्डाणे निघतात. वर्षातील थोडे दिवस अतोनात गर्दी आणि उरलेले दिवस शांतता, हा चार्टर वाहतुकीचा स्वभाव या तिन्ही प्रसंगांत दिसतो.

चालू कंपनी न सुचवता बंद पडलेलीच का सुचवावी?

चालू कंपन्या बहुतेक गेममध्ये आधीच असतात, किंवा कोणी ना कोणी त्यांचे मॉड, म्हणजे खेळाडूने स्वतः तयार करून गेमला जोडलेली भर, केलेले असते. त्याहून महत्त्वाचे कारण असे की, जुन्या चार्टर कंपन्यांचा व्यवसाय ज्या रीतीने चाले, ती रीतच आता जवळपास नाहीशी झाली आहे. युरोपात १९९३ पासून हवाई बाजार खुला झाला, नियमित आणि चार्टर यांच्यातील कायदेशीर भिंत पडली, स्वस्त तिकिटांच्या कंपन्यांनी चार्टर कंपन्यांची गिऱ्हाइके पळवली आणि सुटीच्या दिवसांत भरभरून उडणाऱ्या कंपन्यांपैकी कित्येक विकल्या गेल्या, विलीन झाल्या किंवा दिवाळखोरीत निघाल्या. आजच्या विमानतळावर उभे राहून त्या काळच्या विमानतळाचे काम समजत नाही. सिम्युलेशन गेममध्ये ते काम स्वतः करून पाहता येते, आणि आम्हांला या छंदाचे खरे मोल त्यातच वाटते.

सूचनेत सर्वांत महत्त्वाचे काय लिहावे?

ही कंपनी आली तर विमानतळ चालवणाऱ्याला कोणते वेगळे काम पडेल, ते लिहावे. बाकी सर्व त्यानंतर.

मी स्वतः पाठवलेली पहिली सूचना नाकारली गेली. तिच्यात कंपनीचा इतिहास होता, विमानांच्या रंगांचे वर्णन होते, छायाचित्रे होती आणि ही कंपनी गेममध्ये का असावी याविषयी भरभरून लिहिलेला एक परिच्छेद होता. गेम तयार करणाऱ्यांचे उत्तर दोन ओळींचे होते: नाव आणि रंग कोणत्याही कंपनीला देता येतात, या कंपनीमुळे खेळ कसा बदलेल ते आपण लिहिलेले नाही. उत्तर वाचून वाईट वाटले, परंतु ते बरोबर होते. त्यानंतर मी प्रत्येक सूचना चार प्रश्नांभोवती लिहू लागलो. विमाने कोणत्या वेळी येतात? किती वेळ थांबतात? त्यांना जमिनीवरून काय लागते? आणि त्यांतून काय उतरते, माणसे, सामान की टपाल? या चारांची उत्तरे नेमकी असली की इतिहास दोन परिच्छेदांत आटोपला तरी चालतो. ती मोघम असतील तर दहा पाने इतिहासही पुरत नाही.

चांगल्या सूचनेचे एखादे उदाहरण द्याल का?

ब्रिटनमधील कोर्ट लाइन ही कंपनी या कामासाठी फार चांगली आहे. तिचे पूर्वीचे नाव ऑटएअर. १९७० च्या प्रारंभी ती कोर्ट लाइन झाली, लंडनजवळच्या ल्यूटन विमानतळावर तिचा तळ होता आणि १५ ऑगस्ट १९७४ रोजी, सुटीच्या ऐन हंगामात, ती कोसळली. तिची विमाने गुलाबी, नारिंगी, जांभळ्या आणि फिरोजी छटांत रंगवलेली असत, आणि बहुतेक लोक ती सुचवतात तेव्हा एवढ्यावरच थांबतात.

आता हीच कंपनी विमानतळाच्या बाजूने पाहावी. तिच्या ताफ्याचा कणा होता बीएसी वन-इलेव्हन. या विमानाच्या शेपटीखाली स्वतःची शिडी असते. विमान थांबले की शिडी खाली येते आणि प्रवासी उतरू लागतात, म्हणजे शिडीची गाडी आणि ती चालवणारा माणूस, दोघांचीही वाट पाहावी लागत नाही. कोर्ट लाइनने त्यात ११९ आसने बसवली होती. सुटीच्या चार्टर व्यवसायात एकच विमान पहाटे निघून भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर जाई, दुपारी परत येई, पुन्हा जाई आणि रात्रीही उडे, कारण विमान जमिनीवर उभे राहिले की पैसा बुडे. परतीच्या फेरीत तेच विमान सुटी संपलेल्यांना घेऊन येई, त्यामुळे प्रत्येक थांब्यावर विमान पूर्ण रिकामे होऊन पूर्ण भरत असे. गेमच्या भाषेत सांगायचे तर वन-इलेव्हन हे कमी साधनांत, कमी वेळात, पण दर वेळी पूर्ण भरलेले विमान आहे. साफसफाई, इंधन आणि खाद्यपदार्थ यांची पथके एकाच वेळी पोहोचली नाहीत तर पहाटेचा उशीर रात्रीपर्यंत वाढत जातो, आणि तो भरून काढायला मधे मोकळा वेळच नसतो.

दुसऱ्या बाजूला १९७३ मध्ये आलेली लॉकहीड ट्रायस्टार. कोर्ट लाइनच्या ट्रायस्टारमध्ये ४०० आसने होती. ११९ प्रवाशांच्या हिशेबाने बांधलेल्या टर्मिनलमध्ये एकदम ४०० माणसे, तीही सर्व सामान घेऊन आलेली आणि एकाच पर्यटन कंपनीची, उतरली तर सामानाचा पट्टा, पारपत्र तपासणी आणि बाहेरच्या बसगाड्या यांचे काय होईल, हा प्रश्न खेळाडूला गुंतवून ठेवणारा आहे. सूचना इथे पटते. रंग मागून आपोआप येतात.

इतर दोन कंपन्यांचा केवळ उल्लेख करतो. स्पेनमधील स्पॅनटॅक्स तिच्या कन्व्हेअर ९९० कोरोनाडो विमानांमुळे आणि ब्रिटनची डॅन-एअर तिच्या कॉमेट विमानांमुळे सुचवण्याजोगी आहे. डॅन-एअरने कॉमेट १९८० पर्यंत उडवले. इतर कंपन्यांनी काढून टाकलेली विमाने घेऊन ती चालवत राहणे, हीच तिची रीत होती. जुने विमान म्हणजे अधिक आवाज, अधिक इंधन आणि अधिक देखभाल. गेममध्ये आवाजाच्या तक्रारी किंवा हँगर असतील तर तिला जागा नक्की आहे.

नागपूरशी संबंध असलेली बंद कंपनी सुचवता येईल का?

येईल, आणि आमची सर्वांत आवडती सूचना हीच आहे: हिमालयन एव्हिएशन.

१९४९ च्या जानेवारीत भारतात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली आणि तिचे केंद्र नागपूर होते. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून संध्याकाळनंतर विमाने निघत, मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला एकत्र येत, आपापल्या टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपूर्वी जिथून आली तिथे परत जात. मुंबईत संध्याकाळी टपालात पडलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात वाटपाला मिळे. पहिला प्रयत्न इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्सने केला. तो टिकला नाही, आणि त्याच वर्षी सेवा चालवण्याचे काम हिमालयन एव्हिएशनकडे आले. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणात ही कंपनी इतर सात कंपन्यांसह इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली आणि तिचे स्वतंत्र अस्तित्व संपले. नागपूरची मध्यरात्रीची भेट मात्र पुढेही बरीच वर्षे चालू राहिली.

अनेक देशांत पुढे जी पद्धत मालवाहतुकीचा पाया ठरली, म्हणजे चहूकडून माल मध्यवर्ती ठिकाणी आणायचा, तिथे वाटायचा आणि पुन्हा चहूकडे पाठवायचा, ती पद्धत आपल्या गावात १९४९ साली, साध्या डाकोटा विमानांवर, रात्रीच्या अंधारात चालत होती. झिरो माइलचा दगड दाखवून आपण नागपूर देशाच्या मध्यावर असल्याचे पाहुण्यांना सांगतो. त्या मध्यावर असण्याचा असा रोजचा, व्यवहारातला उपयोग दुसऱ्या कोणी केल्याचे मला तरी आठवत नाही.

हिमालयन एव्हिएशनला चार्टर कंपनी म्हणता येईल का? टपाल सेवा तर रोजचीच होती.

शंका योग्य आहे. ही मुळात अनियमित वाहतूक करणारी कंपनी होती आणि नागपूरच्या कामात तिचे मोठे गिऱ्हाईक टपाल खाते होते. प्रवासीही घेतले जात, परंतु विमान कधी निघणार हे टपाल ठरवत असे. गेममध्ये जर ‘चार्टर’ आणि ‘मालवाहू’ असे दोनच वर्ग असतील तर कंपनीला चार्टर वर्गात ठेवून तिच्या उड्डाणांना टपालाचा भार द्यावा, अशी विनंती आम्ही सूचनेत स्पष्ट शब्दांत करतो. वर्गाच्या नावावरून वाद घालत बसू नये. काम काय आहे ते लिहावे आणि वर्ग ठरवणे गेमकर्त्यांवर सोडावे.

ज्यांना याहून निर्विवाद उदाहरण हवे असेल त्यांनी बिजू पटनाईक यांच्या कलिंग एअरलाइन्सचा विचार करावा. १९४७ मध्ये पटनाईक यांनी स्वतः डाकोटा चालवत नेऊन इंडोनेशियाचे नेते सुतान शहरीर यांना जावाहून बाहेर आणले होते. राष्ट्रीयीकरणानंतर हे नाव पुन्हा वापरात आले आणि ईशान्य सीमेवरील दुर्गम ठाण्यांवर विमानातून रसद टाकण्याचे काम या कंपनीने केले. फक्त एक अडचण आहे: रसद हवेतून टाकली जाते, त्यामुळे दुसऱ्या टोकाला विमानतळच नसतो. विमानतळाच्या गेमला त्यातून निम्मेच काम मिळते.

नागपूरची ती रात्र गेममध्ये कशी मांडावी?

आम्ही आधी अंतरे काढली. हवाई मार्गाने मुंबई सुमारे ६८० किलोमीटर, दिल्ली ८५५, मद्रास ९१० आणि कलकत्ता ९८५. डाकोटाचा सरासरी वेग ताशी २७५ किलोमीटर धरला तर मुंबईहून अडीच तास, दिल्लीहून तीन तासांहून थोडा अधिक, मद्रासहून सव्वातीन तास आणि कलकत्त्याहून साडेतीन तासांहून जास्त लागतात. सर्वांनी रात्री बाराला पोहोचायचे असेल तर कलकत्त्याचे विमान साडेआठच्या आधी आणि मुंबईचे साडेनऊला निघाले पाहिजे. हे आमचे गणित आहे, त्या काळचे छापील वेळापत्रक नव्हे, आणि सूचनेतही आम्ही तसेच नमूद केले आहे. गणिताला गणित म्हणून आणि नोंदीला नोंद म्हणून मांडले तर वाचणाऱ्याचा विश्वास बसतो.

मग थैल्या. प्रत्येक विमान तीन शहरांसाठी टपाल घेऊन येते, म्हणजे चार विमाने मिळून बारा ढीग होतात: मुंबईचे दिल्लीसाठी, मुंबईचे कलकत्त्यासाठी, मुंबईचे मद्रासासाठी, आणि असेच उरलेल्या तिघांचे. कोणतेही एक विमान उशिरा आले तर बाकीच्या तिघांपैकी एकालाही पूर्ण भार घेऊन निघता येत नाही. थांबावे तर चारही शहरांचे टपाल उशिरा पोहोचणार, निघावे तर एका शहराचे टपाल दुसऱ्या रात्रीपर्यंत सोनेगावला पडून राहणार. हा निर्णय खेळाडूने घ्यायचा असतो. आमच्या सूचनेचा गाभा हाच.

मी हे एका गेममध्ये करून पाहिले. सोनेगावचे छोटे रूप बांधले, टर्मिनलसमोर चार स्टँड, म्हणजे एकेका विमानाने उभे राहायच्या जागा, ठेवले, चार डाकोटा मागोमाग उतरवल्या. चौघांचे दरवाजे उघडले, गाड्या आल्या, थैल्या उतरल्या, आणि गाड्या शेजारच्या विमानाकडे न जाता थैल्या घेऊन टर्मिनलकडे निघाल्या. त्या गेमला सामान विमानातून टर्मिनलमध्ये किंवा टर्मिनलमधून विमानात नेता येत होते. विमानातून थेट विमानात न्यायची सोयच त्यात नव्हती. दिल्लीच्या थैल्या वीस पावलांवरच्या दिल्लीच्या विमानात पोहोचायला संपूर्ण टर्मिनलचा फेरा घेत होत्या, आणि तोवर घड्याळात अडीच वाजले होते. मला वाईट वाटले, पण त्यातूनच सूचनेचा पुढचा परिच्छेद लिहिला गेला: ‘या कंपनीसाठी स्टँडवरून स्टँडवर थेट अदलाबदल आवश्यक आहे.’ ही सोय एकदा झाली की तिचा उपयोग आजच्या मालवाहू विमानतळांनाही होईल. आपली कंपनी गेममधील एखादी उणीव दाखवून देत असेल तर ते सूचनेत अवश्य लिहावे, कारण गेमकर्त्यांना त्या कंपनीपलीकडचाही फायदा दिसतो.

जुन्या विमानांना कोणता स्टँड लागतो?

स्टँडचा आकार प्रामुख्याने पंखांच्या विस्तारावरून ठरतो आणि इथे अनेकांची फसगत होते. डाकोटा छोटे विमान म्हणून लोक तिला सर्वांत लहान स्टँड देतात. तिच्या पंखांचा विस्तार सुमारे २९ मीटर आहे, म्हणजे आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातील २४ ते ३६ मीटरच्या ‘सी’ गटात ती बसते. आजचे एअरबस ए३२० आणि बोइंग ७३७ याच गटात येतात. वन-इलेव्हन आणि कॉमेट हीदेखील ‘सी’ गटातीलच. ट्रायस्टारचा विस्तार ४७ मीटरहून थोडा अधिक असल्याने ती ‘डी’ गटात जाते. तीस प्रवाशांची डाकोटा एकशेऐंशी प्रवाशांच्या विमानाइतकी जागा अडवते आणि त्या जागेचे भाडे मात्र तितके देऊ शकत नाही. ही ओढाताण सूचनेत एका वाक्यात लिहिली तरी पुरते.

आणखी एक गोष्ट डाकोटाविषयी. ती शेपटीच्या चाकावर टेकते, त्यामुळे जमिनीवर तिचे नाक वर आणि शेपूट खाली असते. दरवाजा मागच्या बाजूला, जमिनीपासून फारसा उंच नाही, तीन-चार पायऱ्यांची शिडी पुरते. आत शिरल्यावर पुढच्या आसनाकडे जाणे म्हणजे चढ चढणे. एरोब्रिज, म्हणजे टर्मिनलमधून थेट विमानात नेणारा पूल, तिला लावताच येत नाही. हे लिहिले नाही तर चित्रकार तिला आडवी, सपाट काढतो.

नाव आणि बोधचिन्ह वापरण्यात कायद्याची अडचण येते का?

येऊ शकते. कंपनी बंद पडली म्हणून तिचे नाव आपोआप सर्वांचे होत नाही. नाव, बोधचिन्ह आणि रंगसंगती यांचे हक्क दिवाळखोरीत विकले जातात किंवा विलीनीकरणानंतर नव्या मालकाकडे जातात. अमेरिकेची पॅन ॲम ही विमान कंपनी १९९१ मध्ये बंद पडली, परंतु ते नाव नंतर विकत घेतले गेले आणि पुन्हा वापरलेही गेले. भारतात नोंदणीकृत व्यापारचिन्ह दर दहा वर्षांनी नूतनीकरण करून चालू ठेवता येते. चित्र म्हणून बोधचिन्हाचा लेखाधिकार (कॉपीराइट) ही वेगळीच बाब आहे आणि तो कलाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो.

यावर रुळलेला मार्ग म्हणजे मिळतेजुळते पण काल्पनिक नाव. आम्ही सूचनेत खरे नाव संदर्भासाठी देतो आणि त्याखाली दोन पर्यायी नावे लिहितो. कायदेशीर निर्णय गेमकर्त्यांचा आहे, त्यांच्या वतीने आपण हमी देऊ नये.

कंपनीचे दोन अक्षरी संकेत कसे द्यावेत?

उड्डाण क्रमांकाच्या आधी येणारी कंपनीची दोन अक्षरे म्हणजे हा संकेत. जुने संकेत जसेच्या तसे देऊ नयेत, कारण ते पुन्हा वाटले जातात. ‘आयटी’ हा संकेत एकेकाळी फ्रान्सच्या एअर इंटरचा होता, पुढे तो आपल्याकडे किंगफिशरला मिळाला, आणि किंगफिशर २०१२ मध्ये थांबल्यावर पुन्हा दुसरीकडे गेला. गेममध्ये एकच संकेत दोन कंपन्यांना असेल तर वेळापत्रकात घोळ होतो. आधी गेममधील यादी पाहावी, मग मोकळा संकेत सुचवावा.

कंपनीचे अपघात सूचनेत लिहावेत का?

लिहू नयेत, किमान खेळातील प्रसंग म्हणून तर मुळीच नाही. १९८० मध्ये टेनेरिफ येथे डॅन-एअरच्या विमानाच्या अपघातात १४६ जण गेले आणि १९८२ मध्ये मालागा येथे स्पॅनटॅक्सच्या विमानाच्या अपघातात ५०. त्यांची कुटुंबे आजही आहेत. इतिहास सांगताना हे लपवण्याचे कारण नाही, परंतु खेळाडूने गुणांसाठी पुन्हा घडवण्याची ही गोष्ट नव्हे. आमच्याकडे आलेल्या अशा सूचना आम्ही पुढे पाठवत नाही.

मग कंपनी बुडण्याचा प्रसंग गेममध्ये असावा का?

हो, आणि तो अतिशय काळजीपूर्वक मांडावा, कारण बंद पडलेल्या कंपनीचा विमानतळाला होणारा त्रास हा विमानतळ चालवणाऱ्याचा खरा प्रश्न आहे. कोर्ट लाइन कोसळली तेव्हा हजारो पर्यटक परदेशी अडकले, पुढच्या सुट्यांसाठी पैसे भरून बसलेले कित्येक जण हवालदिल झाले, आणि त्यानंतर ब्रिटनने १९७५ मध्ये पर्यटकांच्या संरक्षणासाठी राखीव निधीचा कायदा केला. ब्रिटनचीच मोनार्क ही विमान कंपनी २ ऑक्टोबर २०१७ रोजी बंद पडली तेव्हा ब्रिटिश सरकारला सुमारे १,१०,००० प्रवाशांना परत आणण्याची व्यवस्था करावी लागली. अशा सकाळी विमानतळावर खिडक्या बंद असतात, रांगा मात्र तशाच उभ्या असतात, आणि माहिती द्यायला कंपनीचा एकही माणूस नसतो. टर्मिनलमधील आसने, पाणी, माहितीफलक, दुसऱ्या कंपनीची ऐनवेळची विमाने, हे सर्व खेळाडूला सांभाळावे लागेल.

आणि मागे राहिलेले विमान! नागपूरकरांना हे वेगळे सांगायला नको. कॉन्टिनेंटल एव्हिएशन या कंपनीचे बोइंग ७२० हे चार इंजिनांचे विमान १९९१ पासून दोन दशकांहून अधिक काळ आपल्या विमानतळावर उभे होते. वर्धा रोडवरच्या आमच्या पिढीसाठी ते विमानतळाच्या ओळखीचाच भाग होते. विमानतळाच्या दृष्टीने मात्र ती सुमारे ४० मीटर पंखविस्ताराची, ‘डी’ गटातील, भाडे न देणारी आणि हलवायला अवघड अशी वस्तू होती. ही कंपनी स्वतंत्रपणे सुचवण्याइतके उड्डाणांचे काम तिच्यात नाही. पण ‘मालक नसलेले विमान’ ही सोय मात्र कोणत्याही सूचनेला जोडण्याजोगी आहे: स्टँड अडलेला, थकबाकी वाढत जाणारी, आणि विमान जप्त करावे, लिलाव करावा की ओढून कोपऱ्यात ठेवावे, हा निर्णय खेळाडूचा.

माहिती कुठे शोधावी?

कंपन्यांची छापील वेळापत्रके, टपाल तिकिटे जमवणाऱ्यांकडची हवाई टपालाची जुनी पाकिटे आणि त्या काळची वृत्तपत्रे यांतून सर्वाधिक मिळते. पाकिटावरच्या शिक्क्यात तारीख आणि कधी वेळही असते, आणि दोन शहरांचे शिक्के मिळाले तर पत्राला लागलेला वेळ हाती येतो. १९५० च्या हवाई वाहतूक चौकशी समितीचा अहवालही उपयुक्त आहे. तिचे अध्यक्ष न्यायमूर्ती राजाध्यक्ष होते आणि राष्ट्रीयीकरणापूर्वीच्या भारतीय कंपन्यांची आर्थिक स्थिती समजण्यासाठी तो वाचावाच. घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे, मात्र त्यांनी सांगितलेली वेळ किंवा साल दुसरीकडे पडताळूनच लिहावे.

सूचना किती मोठी असावी आणि कोणत्या भाषेत?

दोन पाने. भाषा गेमकर्त्यांना समजेल ती. आम्ही आधी मराठीत लिहितो, कारण विचार त्यातच नीट जुळतात, आणि मग भाषांतर करतो.

सूचना मान्य झाली नाही तर?

काही गेममध्ये खेळाडूंना स्वतःची कंपनी जोडता येते. एअरपोर्ट सीईओसारख्या गेमला स्टीम या गेमविक्रीच्या संकेतस्थळावरील वर्कशॉपची, म्हणजे खेळाडूंनी केलेले मॉड देण्याघेण्याच्या जागेची, जोड आहे. आपण काढलेले रंग, ताफा आणि नाव तिथे मॉड म्हणून देता येते आणि इतर खेळाडू ते वापरून पाहू शकतात. मॉडने स्टँडवरून स्टँडवर थेट अदलाबदलीसारख्या मूळ सोयी सहसा मिळत नाहीत, पण विमानांच्या वेळा बऱ्याच अंशी जुळवता येतात. हिमालयन एव्हिएशनसाठी सुरुवात कलकत्त्याच्या विमानापासून करावी. ते सर्वांत लांबून येते, म्हणून त्याची वेळ आधी पक्की करावी आणि मुंबई, दिल्ली, मद्रासची विमाने दहा-दहा मिनिटांच्या अंतराने त्यामागे लावावीत. धावपट्टी एकच असल्याने त्याहून कमी अंतर ठेवले की तिसरे विमान हवेत घिरट्या घालू लागते. चौथ्या विमानासाठी स्टँड राखून ठेवायला विसरू नये, आणि रात्रपाळीतली माणसे साडेअकरापूर्वी ॲप्रनवर हजर असतील असे पाहावे.